‘मे गुस्ता’ मराठीतून शिकावे: स्पॅनिशमध्ये आवडीनिवडी लिहिताना लागणारी क्रियापदे आणि सर्वनामे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही निपाणीत राहता, मोबाइलवर इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकता आणि आता मेक्सिको, अर्जेंटिना व स्पेनमधील समवयस्कांशी आपापल्या छंदांविषयी लेखी गप्पा मारू लागला आहात. ‘मला पुस्तके आवडतात’ या अर्थाने तुम्ही ‘यो गुस्तो लिब्रोस’ असे लिहिले, ते समोरच्याने ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ असे दुरुस्त केले. ‘मलाही’ या अर्थाने तुम्ही ‘यो ताम्ब्येन’ लिहिले, तेव्हा ‘आ मी ताम्ब्येन’ लिहावे असे त्याने सुचवले. शिवाय एकच माणूस कधी ‘ले’, कधी ‘लो’, तर कधी ‘से’ लिहितो, यामागचे सूत्र तुम्हाला सापडत नाही. अशा संभाषणातील सर्वनामांचा आणि क्रियापदांचा काही नियम आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

नियम आहे, आणि त्याचा मोठा भाग तुम्हाला लहानपणापासून येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी विद्यार्थ्यांना शिकवताना मला वारंवार असे आढळले आहे, की जी वाक्ये मराठी माणसाला मुळीच अवघड वाटू नयेत तीच त्याला सर्वांत अवघड वाटतात, आणि याचे कारण तो मराठीतून स्पॅनिशकडे न जाता इंग्रजीला वळसा घालून जातो. उपलब्ध पुस्तके आणि अ‍ॅप बहुतेक इंग्रजी वाचकांसाठी रचलेली असतात. इंग्रजीत आवडणाऱ्या गोष्टीचा कर्ता ‘मी’ असतो. त्यामुळे त्या पुस्तकांना ‘गुस्तार’, म्हणजे आवडणे, हे क्रियापद उलट्या चालीचे म्हणून समजावून सांगावे लागते, आणि आपण ते समजावणे निमूटपणे स्वीकारून आपल्याला नसलेली अडचण विकत घेतो. माझे सांगणे एवढेच, की जेथे मराठी स्पॅनिशच्या अगदी शेजारून चालते तेथे तिचाच हात धरावा, आणि जेथे ती वाट सोडते त्या मोजक्या ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून लिहावे. (स्पॅनिश शब्द मी लॅटिन अमेरिकेतील उच्चाराच्या जवळपास जातील असे देवनागरीत लिहितो, त्यांतील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत.)

‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ ही दोन वाक्ये पाहा. क्रियापद बदलले ते पुस्तकाच्या संख्येमुळे. आवडणारा माणूस दोन्हीकडे ‘मला’ असाच राहिला. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल लिब्रो’ आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ ही जोडी नेमकी हीच आहे. ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला किंवा तिला, ‘नोस’ म्हणजे आम्हाला किंवा आपल्याला, आणि ‘लेस’ म्हणजे त्यांना. म्हणून ‘यो गुस्तो लिब्रोस’ हे वाक्य स्पॅनिश माणसाला तसेच खटकते जसे आपल्याला ‘मी पुस्तके आवडतो’ हे वाक्य खटकेल. आपल्याकडे घराबाहेर पडताच कानावर पडणाऱ्या कन्नडमध्येही ‘ननगे इष्ट’ अशीच रचना आहे. मात्र कन्नडमधला ‘इष्ट’ हा शब्द पुस्तक एक असो वा अनेक, बदलत नाही, त्यामुळे या बाबतीत मराठी स्पॅनिशला अधिक जवळची आहे.

हेच साम्य पुढेही टिकते. आवडणारी गोष्ट कृती असेल तर मराठीत आपण ‘मला वाचायला आवडते’ म्हणतो, आणि कृती दोन झाल्या तरी ‘मला वाचायला आणि पोहायला आवडते’ असे एकवचनच ठेवतो. स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता लेएर’ आणि ‘मे गुस्ता लेएर इ नादार’. दोन कृती आल्या म्हणून ‘गुस्तान’ होत नाही. भूतकाळात आपण दोन वेगळ्या गोष्टी सांगतो: एकदा पाहिलेला चित्रपट ‘आवडला’, आणि लहानपणी बुद्धिबळ ‘आवडायचे’. पहिल्यासाठी ‘मे गुस्तो ला पेलिकुला’, दुसऱ्यासाठी ‘मे गुस्ताबा एल आहेद्रेस’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या दोन भूतकाळांतील फरक पाठ करावा लागतो, तर आपल्याला ‘आवडला’ आणि ‘आवडायचा’ यांपैकी काय म्हणावेसे वाटते एवढेच स्वतःला विचारावे लागते. येथे स्पॅनिश आपल्यापेक्षा सोपीही आहे, कारण ‘आवडला, आवडली, आवडले’ हे लिंगभेद तिच्या क्रियापदात नाहीत. तिन्हींसाठी ‘गुस्तो’, आणि अनेकवचनी ‘गुस्तारोन’. ‘मला शिकायला आवडेल’ यासाठी ‘मे गुस्तारिआ आप्रेन्देर’ असे लिहावे. काही सुचवताना किंवा विनंती करताना हे रूप फार कामाला येते.

या एका साच्यात बसणारी क्रियापदे बरीच आहेत, आणि छंदांविषयीच्या गप्पांत त्यांचाच भरणा असतो. ‘मे एन्कान्ता’ म्हणजे मला अतिशय आवडते, ‘मे इन्तेरेसा’ म्हणजे मला त्यात रस आहे, ‘मे आपास्योना’ म्हणजे मला त्याचे वेड आहे, ‘मे आबुर्रे’ म्हणजे मला त्याचा कंटाळा येतो, ‘मे मोलेस्ता’ म्हणजे मला त्याचा त्रास होतो, ‘मे पारेसे’ म्हणजे मला असे वाटते, आणि ‘मे दा इग्वाल’ म्हणजे मला त्याचे सोयरसुतक नाही. ही यादी पुन्हा वाचून पाहा: प्रत्येक मराठी अर्थाच्या सुरुवातीला ‘मला’ आहे. शंका आली की वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे. ‘मला’ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा ‘मे’, आणि ‘मी’ने सुरू होत असेल तर स्पॅनिशमध्येही क्रियापदाला प्रथम पुरुषाचे रूप द्यावे: ‘लेओ’ म्हणजे मी वाचतो किंवा वाचते, ‘कोलेक्स्योनो’ म्हणजे मी जमवतो, ‘सिगो’ म्हणजे मी एखाद्या खेळाचे किंवा माणसाचे सतत अनुसरण करतो. ही कसोटी प्रत्येक वेळी चालते असे नाही. ‘प्रेफ्येरो’, म्हणजे मला अधिक आवडते, आणि ‘ओद्यो’, म्हणजे मला तिटकारा आहे, ही स्पॅनिशमध्ये सरळ ‘मी’ची क्रियापदे आहेत. ‘मे ओद्यो’ असे लिहिलेत तर ‘मी माझाच द्वेष करतो’ असा अर्थ होईल, तेव्हा या शब्दापुरती कसोटी बाजूला ठेवावी.

मेक्सिकोच्या तुमच्या मित्राने कधी ‘सी गुस्तास’ असे लिहिले तर गोंधळून जाऊ नये. तेथे ‘तुझी इच्छा असेल तर’ या अर्थाने हे सौजन्याचे बोलणे प्रचलित आहे आणि त्यात ‘गुस्तार’ सरळ कर्त्यासह येते. ते ऐकून समजावे, पण स्वतःच्या आवडी सांगताना वापरू नये.

‘आ मी ताम्ब्येन’ आणि ‘यो ताम्ब्येन’ यांतील फरक मराठी माणसाला वेगळा शिकवण्याची खरोखर गरज नाही. कोणी म्हणाले, ‘मला नाटक आवडते’, तर आपण ‘मलाही’ म्हणतो, ‘मीही’ म्हणत नाही. आणि कोणी म्हणाले, ‘मी तबला वाजवतो’, तर ‘मीही’ म्हणतो. पहिल्याला ‘आ मी ताम्ब्येन’, दुसऱ्याला ‘यो ताम्ब्येन’. समोरच्याला एखादी गोष्ट आवडत नाही आणि आपल्यालाही आवडत नाही, तर ‘आ मी ताम्पोको’. त्याला आवडत नाही पण आपल्याला आवडते, तर ‘आ मी सी’. उलट असेल तर ‘आ मी नो’. प्रश्न परत विचारतानाही तीच गोष्ट: ‘आणि तुला?’ यासाठी ‘इ आ ती?’, आणि ‘आणि तू?’ यासाठी ‘इ तू?’. तुम्हाला दुरुस्त करणाऱ्याने हे इंग्रजीत समजावले असणार, आणि इंग्रजीत हा भेद अंधुक असल्यामुळेच ते अवघड वाटले असणार.

आता जेथे मराठी साथ सोडते तिकडे वळतो, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

‘माझ्या भावाला फुटबॉल आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘आ मि एर्मानो ले गुस्ता एल फुतबोल’ असे होते. ‘आ मि एर्मानो’ म्हणजे ‘माझ्या भावाला’ हे आले, तरी त्यानंतर पुन्हा ‘ले’, म्हणजे ‘त्याला’, लागतेच. मराठी मनाला ही पुनरुक्ती वाटते, आणि म्हणून माझे विद्यार्थी हटकून ‘आ मि एर्मानो गुस्ता एल फुतबोल’ असे लिहितात. ते चूक आहे. या साच्यातील क्रियापदांसोबत ‘मे, ते, ले, नोस, लेस’ यांपैकी एक सर्वनाम अनिवार्य असते. ‘आ’ जोडून येणारा भाग ऐच्छिक असतो आणि तो जोर देण्यासाठी किंवा ‘ले’ म्हणजे नेमका कोण हे स्पष्ट करण्यासाठी येतो. ‘ले गुस्ता ला मुसिका’ या वाक्यात संगीत त्याला आवडते, तिला आवडते की आदरार्थी आपल्याला आवडते हे कळत नाही. म्हणून गरजेप्रमाणे ‘आ एल’, ‘आ एया’ किंवा ‘आ उस्तेद’ पुढे जोडतात. उलट ‘आ मी मे गुस्ता’ यात अर्थ स्पष्ट असूनही ‘आ मी’ येते, ते ‘मला मात्र’ या अर्थाच्या ठसक्यासाठी. प्रत्येक वाक्याला ‘आ मी’ लावलेत तर तुम्ही सतत इतरांशी आपली तुलना करत आहात असे वाचणाऱ्याला वाटेल. नकाराची जागाही लक्षात ठेवावी: आपला ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो, त्यांचा ‘नो’ सर्वनामाच्याही आधी येतो, ‘नो मे गुस्ता’.

दुसरी अडचण उपपदाची. मराठीत उपपद नसल्यामुळे ‘मला कॉफी आवडते’ याचे आपण ‘मे गुस्ता काफे’ करतो. स्पॅनिशमध्ये सर्वसाधारणपणे एखादी गोष्ट आवडते असे सांगताना त्या नामाआधी ‘एल, ला, लोस, लास’ यांपैकी योग्य ते उपपद लागते: ‘मे गुस्ता एल काफे’, ‘मे गुस्ता ला मुसिका’, ‘मे गुस्तान लास नोबेलास’. शब्दाचे लिंग शब्दासोबतच पाठ करावे, कारण शेवटचा स्वर कधीकधी फसवतो. ‘फोतो’ स्त्रीलिंगी आहे, तर ‘इद्योमा’, ‘तेमा’ आणि ‘प्रोग्रामा’ पुल्लिंगी आहेत. आपली तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोन लिंगांचे ओझे वाटू नये.

तिसरी अडचण छोटी आहे, पण रोजची आहे. आपला ‘खूप’ सर्वत्र चालतो: खूप छान, खूप आवडते, खूप पुस्तके. स्पॅनिशमध्ये विशेषणाआधी ‘मुय’, क्रियापदासोबत ‘मुचो’, आणि नामाआधी ‘मुचो’, ‘मुचा’, ‘मुचोस’ किंवा ‘मुचास’. म्हणून ‘मे गुस्ता मुचो’, पण ‘एस मुय बोनितो’. ‘एन्कान्तार’ या क्रियापदात ‘अतिशय’ हा अर्थ आधीच आहे, त्यामुळे ‘मे एन्कान्ता मुचो’ असे सहसा लिहीत नाहीत.

आता ‘ले’, ‘लो’ आणि ‘से’. हा तुमच्या प्रश्नातील खरा कठीण भाग आहे, आणि येथे आपला ‘ला’ हा प्रत्ययच आपल्याला चकवतो. ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिले’ या दोन्ही वाक्यांत मराठी ‘त्याला’च म्हणते. स्पॅनिश पहिल्या वाक्यात ‘लो बी’ म्हणते, दुसऱ्यात ‘ले दी उन लिब्रो’. पहिल्या वाक्यात पाहण्याची क्रिया थेट त्याच्यावर होते. दुसऱ्यात देण्याची क्रिया पुस्तकावर होते आणि तो केवळ घेणारा आहे. क्रिया ज्याच्यावर थेट होते त्या एकासाठी ‘लो’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ला’. ज्याला काही दिले, सांगितले, सुचवले किंवा वाटले त्याच्यासाठी ‘ले’. ‘गुस्तार’च्या साच्यात माणूस नेहमी दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून ‘लो गुस्ता’ असे कधीच होत नाही. मात्र स्पेनमधील तुमच्या मैत्रिणीने एखाद्या पुरुषाविषयी ‘ले बी’ असे लिहिले तर तिची चूक काढायला जाऊ नये. ती सवय तेथे रुळलेली आहे, आणि 1713 साली स्थापन झालेली स्पेनची शाही भाषा अकादमी, म्हणजे रेआल आकादेम्या एस्पान्योला, एका पुरुषाच्या संदर्भात हा प्रयोग ग्राह्य मानते.

‘ले’ आणि ‘लो’ एका वाक्यात शेजारी शेजारी येण्याची वेळ आली, की ‘ले’चा ‘से’ होतो. ‘तुला ते पुस्तक सुचवतो’ म्हणजे ‘ते लो रेकोम्येन्दो’; येथे काही बदलत नाही. पण ‘त्याला ते सुचवतो’ यासाठी ‘ले लो’ न म्हणता ‘से लो रेकोम्येन्दो’ म्हणतात, आणि ‘लेस’चाही असाच ‘से’ होतो. अर्थात या ‘से’वरून तो एक आहे की अनेक, तो आहे की ती, काहीच कळत नाही, ते कळावे असे वाटत असेल तर वाक्याच्या शेवटी ‘आ एया’, ‘आ उस्तेद’ असे जोडावे.

याच्याशी निगडित एक चूक अशी आहे, की ती चूक म्हणून विद्यार्थ्यांच्या लक्षातच येत नाही. ‘तो चित्रपट पाहिलास का?’ या प्रश्नाला आपण ‘हो, काल पाहिला’ असे उत्तर देतो. ‘तो’ पुन्हा म्हणण्याची गरज नसते. स्पॅनिशमध्ये ‘सी, ला बी आयेर’ असे म्हणावे लागते. चित्रपटासाठीचा ‘पेलिकुला’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘ला’. नुसते ‘सी, बी आयेर’ लिहिले तर वाक्य लंगडे राहते. पुस्तकाविषयी असेल तर ‘लो लेई’, गाण्यांविषयी असेल तर ‘लास एस्कुचे’. कर्ता मात्र आपल्याप्रमाणेच गाळता येतो, नव्हे गाळावाच, कारण क्रियापदाच्या रूपावरून तो कळतो. प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘यो’ लिहिणाऱ्याचे लेखन ‘मी, मी’ करणाऱ्या माणसासारखे वाटते, आणि ही सवयही इंग्रजीतून येते, मराठीतून नव्हे.

सर्वनामाच्या जागेविषयी थोडक्यात सांगतो. रूप चालवलेल्या क्रियापदाआधी ते सुटे लिहावे, मूळ रूपाच्या, होकारार्थी आज्ञेच्या किंवा चालू क्रियेच्या रूपाच्या शेवटी ते जोडून लिहावे. ‘लो क्येरो लेएर’ आणि ‘क्येरो लेएर्लो’, दोन्हींचा अर्थ ‘मला ते वाचायचे आहे’. ‘मला एखादे पुस्तक सुचव’ म्हणजे ‘रेकोम्येन्दामे उन लिब्रो’. येथे लिहिताना आघातचिन्ह लागते, कारण सर्वनाम जोडले तरी जोर मूळच्या जागीच राहतो.

एका ठिकाणी मात्र आपला ‘ला’ पुन्हा मित्र होतो. ‘मी गाणी ऐकतो’ असे आपण म्हणतो, पण ‘मी कुमार गंधर्वांना ऐकतो’ असे म्हणतो. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्ये ‘एस्कुचो कान्स्योनेस’, पण ‘एस्कुचो आ कुमार गंधर्व’. कर्म माणूस असेल तर त्याच्याआधी ‘आ’ येतो, वस्तू असेल तर येत नाही. इंग्रजीत या भेदाची खूणच नसल्यामुळे तिकडच्या विद्यार्थ्यांची यात फार दमछाक होते. (बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या या गायकाविषयी तुम्ही परक्या मित्रांना सांगितलेत, तर त्यांना नवीन काही ऐकायला मिळेल.) पण हा ‘आ’ ‘गुस्तार’च्या वाक्यात आवडणाऱ्या व्यक्तीला लावू नये. ‘आ मेस्सी ले गुस्ता एल माते’ म्हणजे मेस्सीला माते हे पेय आवडते. ‘मे गुस्ता मेस्सी’ म्हणजे मला मेस्सी आवडतो. आपण तरी ‘मला मेस्सीला आवडतो’ असे कुठे म्हणतो?

माणसे आवडण्याविषयी एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. ‘मे गुस्तास’ म्हणजे ‘तू मला आवडतोस’ किंवा ‘आवडतेस’, आणि त्या वाक्याचा जो अर्थ निपाणीत किंवा खानापुरात घेतला जाईल तोच मेक्सिकोतही घेतला जाईल. केवळ गप्पा मारायला बरे वाटते, स्वभाव पटला, एवढेच सांगायचे असेल तर ‘मे काएस ब्येन’ असे लिहावे. खेळाडूविषयी बोलताना ‘मे गुस्ता कोमो हुएगा’, म्हणजे तो कसा खेळतो ते मला आवडते, असे म्हटले की कोणताही गैरसमज उरत नाही.

छंदांची क्रियापदे निवडतानाही मराठीच उपयोगी पडते. आपण क्रिकेट ‘खेळतो’ आणि बासरी ‘वाजवतो’. स्पॅनिशमध्येही खेळासाठी ‘हुगार’ आणि वाद्यासाठी ‘तोकार’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘हुएगो आल क्रिकेत’, ‘तोको ला फ्लाउता’. खेळाआधीचा ‘आल’ स्पेनमध्ये काटेकोरपणे पाळतात. लॅटिन अमेरिकेत तो अनेकदा गाळला जातो. किती काळापासून एखादी गोष्ट करत आहात हे सांगतानाही मराठीचा वर्तमानकाळ चालतो. ‘मी दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकत आहे’ यासाठी ‘एस्तुद्यो एस्पान्योल देस्दे आसे दोस आन्योस’ किंवा अधिक बोलके ‘येबो दोस आन्योस आप्रेन्द्येन्दो एस्पान्योल’. यातील ‘आन्योस’ लिहिताना ‘न’ या अक्षरावरील नागमोडी चिन्ह विसरू नये. ते नसेल तर वर्षांऐवजी गुदद्वाराचा उल्लेख होतो. मोबाइलच्या कळफलकावर ते अक्षर काही क्षण दाबून धरले की चिन्हासह पर्याय दिसतो. प्रश्नाच्या आरंभीचे उलटे प्रश्नचिन्ह ती माणसे स्वतः गप्पांत पुष्कळदा गाळतात. शिकणाऱ्याने काही काळ तरी ते लिहावे.

मुलींनी आणि बायकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमच्या बोलीत बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. स्पॅनिश क्रियापदात लिंग नसल्याने तेथे प्रश्नच येत नाही, पण विशेषणात ते येते. ‘मला त्यात रस आहे’ हे विशेषणाने सांगायचे तर पुरुष ‘एस्तोय इन्तेरेसादो’ लिहील, स्त्री ‘एस्तोय इन्तेरेसादा’. छंदिष्ट पुरुष ‘आफिस्योनादो’, स्त्री ‘आफिस्योनादा’. बोलीतली सवय येथे आणली, तर समोरचा तुम्हाला पुरुष समजून बोलत राहील.

राहिला तू-तुम्हीचा प्रश्न. स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणजे आपलाच तू. ‘उस्तेद’ आदरार्थी आहे. ते ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या दरबारी संबोधनातून आले, आणि म्हणून त्याच्यासोबत क्रियापद व सर्वनाम तृतीय पुरुषी येतात. समोर बसलेल्या साहेबांनाच ‘साहेबांना चहा चालेल का?’ असे आपण विचारतो, तशीच ही चाल आहे: ‘आ उस्तेद ले गुस्ता एल ते?’. समवयस्कांच्या लेखी गप्पांत स्पेन आणि मेक्सिकोत ‘तू’ निःशंकपणे वापरावे. पहिल्याच संदेशात अनोळखी माणसाला ‘तू’ म्हणताना आपली जीभ अडखळते, पण तेथे त्यात अनादर नाही, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ‘उस्तेद’ म्हटले तर तो उलट संकोचेल. कोलंबियात मात्र कित्येक भागांत मित्रही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात, तेव्हा तेथे समोरचा लिहील तसे लिहावे.

अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘तू’च्या जागी ‘बोस’ असतो, आणि त्याच्यासोबत क्रियापदाचे रूपही बदलते: ‘तू त्येनेस’ नव्हे, तर ‘बोस तेनेस’, आणि त्यात जोर शेवटच्या ‘नेस’वर. पण तुमच्या विषयापुरती एक सोय आहे, की ‘तू’ आणि ‘बोस’ या दोघांनाही ‘ते’ हेच सर्वनाम लागते. ‘के ते गुस्ता?’ हा प्रश्न मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सर्वत्र तसाच चालतो. जोर देताना तेवढा फरक पडतो: मेक्सिकोत ‘आ ती ते गुस्ता’, अर्जेंटिनात ‘आ बोस ते गुस्ता’. अनेकांना उद्देशून लिहिताना स्पेनमध्ये ‘ओस गुस्ता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘लेस गुस्ता’. ‘बोस’ची रूपे ओळखता आली पाहिजेत, पण तुम्ही स्वतः ‘तू’ लिहिलेत तरी अर्जेंटिनी मैत्रिणीला कळायला काहीच अडचण येणार नाही. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करण्यापेक्षा ते बरे.

आपल्या संदेशांतील चुका मित्रांनी दाखवाव्यात असे वाटत असेल तर ‘मे गुस्ता के मे कोर्रिहास’ असे लिहावे, म्हणजे ‘तू माझ्या चुका दुरुस्त करतोस हे मला आवडते’. ‘के’नंतर दुसऱ्याची क्रिया आली की तिचे रूप संभाव्यार्थी होते, म्हणून ‘कोर्रिहेस’ नव्हे, ‘कोर्रिहास’. या रूपांचा पसारा मोठा आहे. सध्या हे एक वाक्य जसेच्या तसे वापरावे.

स्वतःची ओळख करून देण्यासाठी असा एखादा परिच्छेद तयार ठेवता येईल: ‘सोय दे निपाणी, उना स्युदाद पेकेन्या देल सुर दे ला इन्द्या. एन कासा आब्लामोस माराती इ एन ला काये ओइगो कानारेस. मे इन्तेरेसान लास लेन्ग्वास इ मे गुस्ता कामिनार पोर लोस बोस्केस दे खानापूर. आ मि एर्मानो ले एन्कान्ता ला लुचा त्रादिस्योनाल, पेरो आ मी मे आबुर्रे उन पोको. इ आ ती, के ते गुस्ता?’ यातील ‘माराती’ आणि ‘कानारेस’ ही मराठी आणि कन्नडची स्पॅनिशमधील नावे आहेत. भाषा अनेक म्हणून ‘इन्तेरेसान’, चालणे ही कृती म्हणून ‘गुस्ता’, भावासोबत ‘ले’, आणि भावाच्या कुस्तीच्या वेडाहून आपले वेगळे मत सांगायचे म्हणून शेवटी ‘आ मी मे’, हे सगळे या चार ओळींत आले आहे.

खाण्याचा विषय निघाला आणि बेळगावच्या कुंद्याविषयी लिहावेसे वाटले, तर त्याला ‘उन दुल्से दे लेचे’ म्हणू नये. दुधाची मिठाई असा त्याचा शब्दशः अर्थ होत असला, तरी अर्जेंटिनात ‘दुल्से दे लेचे’ हा दूध आणि साखर आटवून केलेला, पावाला लावून खाण्याचा एक ठरलेला पदार्थ आहे, आणि तुमची मैत्रीण तोच डोळ्यांसमोर आणील. ‘उन दुल्से एचो कोन लेचे’, म्हणजे दुधापासून केलेला एक गोड पदार्थ, असे लिहावे, आणि पुढे ‘ते लो रेकोम्येन्दो’ असे जोडावे. ‘दुल्से’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘लो’.